उजव्या पायाचा ब्रेक

ती काम करायची ते ग्रंथालय त्या संध्याकाळी लवकर बंद झालं, म्हणून ती बाबांना घ्यायला, ते अंग सैल करायला शिकत त्या वर्गावर गेली... आणि दारातच थबकली. बाबांचा उजवा पाय एका परक्या तरुणाच्या मांडीवर होता. तो दोन्ही हातांनी टाच तोलून बसला होता, आणि कुणाला साधी चप्पलही उचलू न देणारे बाबा डोळे मिटून खुदुखुदु हसत होते.

बाबांनी उभा जन्म लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिकाऊ माणसाशेजारी बसून जादा ब्रेकवर पाय ठेवायची सवय अशी मुरली, की घरातही कुणी जिव्हाळ्याचं बोलू लागलं की त्यांचा पाय जमीन दाबायचा आणि ते गप्प व्हायचे. वर्गातल्या ताई म्हणायच्या, मनानं अडवलेलं शरीर कुठंतरी धरून बसतं. आधी तिथली पकड सोडवायची.

"आपण?" तिनं विचारलं.

"दातांचा डॉक्टर."

"मग पायाशी काय करताय?"

"तोंडापर्यंत पोचायला वेळ लागतो हो."

तिला हसू आवरेना. वर्गात बाबांची आणि त्याची जोडी होती. हा दिवसभर लोकांची तोंडं उघडतो आणि स्वतःचं उघडायला इथं येतो, अशी बाबांनी ओळख करून दिली. घरी जाताना असा जावई किती सोयीचा, म्हातारपणी कवळीची चिंता नको, म्हणून तिला चिडवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खुर्चीतच गेलेले होते.

ती किंचाळली नाही. तिची नजर त्यांच्या उजव्या पायावर खिळली. तो एका बाजूला कलला होता, झोपलेल्या मुलाच्या पायासारखा सैल. असा तिनं तो कधी पाहिलाच नव्हता.

माणसं आली, गेली. पोरीनं डोळ्यातून टिपूस काढलं नाही, असं मावशी हलक्या आवाजात सांगत राहिली. डॉक्टर मात्र येतच राहिला. कपबश्या विसळायचा, तिच्याकडून पुस्तकं न्यायचा.

"वाचलंत?"

"मुखपृष्ठ छान आहे."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू यायचं आणि तिथंच थांबायचं.

एका संध्याकाळी त्यानं कप खाली ठेवला. आपलं येणं पुस्तकांसाठी नाही, हे तिला कळलं असेलच, म्हणाला. तिला नको असेल तर तो पुन्हा त्रास देणार नव्हता. तिनं तोंड उघडलं – शब्दच फुटेना. त्यानं वाट पाहिली, मग उठला. उठताना त्याची नजर टेबलाखाली गेली.

"तुमचा पाय..."

तिनं खाली पाहिलं. उजवा पाय जमीन दाबत होता. बोटं पांढरी पडली होती.

"तुमचे बाबा म्हणाले होते मला," तो हळूच म्हणाला. "माझ्या पोरीलाही हा ब्रेक आहे, माझाच लागलाय. तिला सांगा कुणीतरी, रस्ता मोकळा आहे."

तो जमिनीवर बसला. तळहात नुसते पुढे धरले. तिला हात लावला नाही.

मग तिनंच टाच उचलली आणि त्याच्या हातांवर ठेवली. पोटरी थरथरली, मांडी थरथरली, कंप बरगड्यांपर्यंत चढला, आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला – ओला, अनोळखी.

"बाबा मला अजून हवे होते," ती म्हणाली. "आणि तुम्ही... तुम्ही जाऊ नका. मला आवडता तुम्ही."