एकोणिसावी गल्ली

बसा, सांगतो. फक्त मध्ये हसू नका.

मी गोदामातल्या अडचणी निस्तरणारा माणूस. खोके हरवले, गाड्या खोळंबल्या की मला हाक मारतात. त्या दुपारीही जेवणाच्या सुट्टीत व्यवस्थापकांनी बोलावलं. आठवडाभरात अकरा खोके गायब, आणि अकराही माझ्या मेहुण्याच्या हातून गेलेले. "संध्याकाळपर्यंत सापडले नाहीत, तर उद्यापासून तो नको," म्हणाले. हिचा एकुलता एक भाऊ, दोन लेकरांचा बाप. नोकरी मीच लावलेली.

आमच्याकडे कागद नसतात. कानावर हेडफोन. त्यातली संगणकाची बाई सांगते, अमुक गल्ली, अमुक खण. तिथे जायचं, खोका ठेवायचा आणि खणावर चिकटवलेला आकडा मोठ्यानं बोलायचा. आकडा जुळला की माल त्या खणात जमा.

नोंद उघडली. अकराही खोके गल्ली एकोणीसमध्ये जमा. अहो, आमच्याकडे गल्ल्याच अठरा! एकोणिसावी मोडून तिथे भिंत घातली त्याला चार वर्षं झाली. संगणकातून तेवढी काढायची राहिली. आणि मेहुण्याला तर लागून दोनच महिने झालेले, त्यानं ती गल्ली पाहिलेलीसुद्धा नाही.

त्याला गाठलं. "अरे शहाण्या, न जाताच आकडे ठोकतोस ना?" जुनी माणसं करतात असं. पाय वाचवायला पाठ झालेला आकडा लांबूनच बोलून टाकतात.

"नाही हो भाऊजी, जातो मी. खोका भिंतीपाशी ठेवतो."

"आणि आकडा? तो कुठे लिहिलाय?"

"पलीकडून सांगतात..."

मी भडकलो. म्हटलं, हा मलाच थापा मारतोय! "चल, माझ्यासमोर करून दाखव. आणि ढकलगाडी रिकामी घे, उगाच आणखी माल जायला नको." ही अक्कल माझी. पंचवीस वर्षांचा अनुभव ना माझा!

अठराव्या गल्लीत शिरलो. तिथले दिवे माणूस आला की आपोआप लागतात; त्या दिवशी मागचे विझत होते आणि पुढचे लागत नव्हते. ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. सगळे जेवायला गेलेले, त्यामुळे चिडीचूप. गल्लीच्या टोकाला मेहुण्यानं भिंतीला कान लावला.

"येतंय ऐकू?" मी कुजबुजलो.

"गर्दी आहे आत..." तो म्हणाला. मग चाचरत, मोठ्यानं, "सेहेचाळीस."

हेडफोनमधल्या बाईचा आवाज मलाही ऐकू आला. "जमा."

शेवटचा दिवाही गेला. परत लागला तेव्हा गाडी जागेवर होती, हेडफोन तिच्या दांड्याला लोंबत होता. मेहुणा नव्हता.

भिंत फोडली हो दुसऱ्या दिवशी! पलीकडे उघडं अंगण आणि ऊन.

व्यवस्थापक म्हणतात, पळाला. तीन आठवडे झाले, ही माझ्याशी धड बोलत नाही. रोज संध्याकाळी दारातच तेवढं विचारते, "आज आहे ना?" कारण नोंदीत तो आहे. गल्ली एकोणीस, खोके अकरा, आणि त्याखाली सुटा नग एक. ती गल्ली संगणकातून पुसायला निघाले होते. हातापाया पडून मी थांबवलं. "आहे," मी सांगतो, आणि ती आत जाते.

त्या नगापुढे नोंदीत रोज जे वजन दिसतं, ते मात्र मी तिला सांगत नाही. पहिल्या दिवशी बासष्ट किलो होतं. काल एकोणपन्नास.