वरची ओळ आधी

आमच्या बंदराच्या सर्व्हरने (माहिती सांभाळून मागेल त्याला देणाऱ्या संगणकाने) भर दुपारी माझ्या पोराच्याच बोटीला नकाशा नाकारला. घरच्या माणसाला असं दारात कोण उभं करतं?

खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, तो रोज सरकतो. पाण्याखालचे यंत्रमासे खोली मोजतात आणि डेटाबेसमध्ये (रीतसर लावलेल्या माहितीच्या साठ्यात) भरतात. तो नकाशा बघूनच बोटी आत येतात. ओहोटी लागली होती. थोड्या वेळाने वाटेत पाणीच उरलं नसतं, आणि बाहेर वारा चढत होता.

"नीरजा, बाप तुझा समुद्रात, आणि तू पडद्याकडे बघत बसलीस?" बंदराचा सर्व्हर सांभाळणाऱ्या नातीवर मी डाफरले.

"बघतेय म्हणून तर बसलेय, आजी! बाबाची किल्ली (ओळख पटवणारं गुपित) बरोबर आहे. तरी नकार."

बंदराचा रोबो टिटवी पुढे सरकला. "नाखव्यांनी किल्ली दाखवलीच नाही. त्याआधीच त्यांना परत पाठवलं."

"परत पाठवायला तो कोण लागून गेला?" मी म्हटलं. "उघड सगळं! येईल त्याला आत घे."

"नको आजी," नीरजा म्हणाली. "मग कुणीही येऊन म्हणेल, मी मोरेश्वर नाखवा. नकाशात खोटी खोली भरली, तर पुढची बोट वाळूवर चढेल."

मला राग आला, पण पोरगी बरोबर होती.

तिने सर्व्हरचे नियम पडद्यावर आणले. एकेका ओळीत चारच गोष्टी: कोण आलंय, कुठल्या पत्त्यावरून (यंत्राच्या ठिकाणाच्या आकड्यावरून), कुठली माहिती हवीय, आणि ओळख कशी पटवायची.

"सर्व्हर हे वरून वाचत येतो," ती म्हणाली. "आलेल्याला लागू पडणारी पहिली ओळ सापडली की तिथेच थांबतो. खालचं वाचतच नाही. टिटवी, ही पहिली ओळ कुणाची? 'बाहेरच्या पत्त्यावरून येणाऱ्या सगळ्यांना नकार.'"

"माझी. सकाळी अनोळखी यंत्रं दार ठोठावत होती. ओळ महत्त्वाची, म्हणून सगळ्यात वर लिहिली."

"मोठा शहाणा! पण माझा पोरगा बाहेरचा कधीपासून झाला?"

"आजपासून," नीरजा म्हणाली. "वाऱ्याने बोटींशी बोलणारा आपला टॉवर बंद पडलाय. बाबा उपग्रहावरून बोलतोय, म्हणून पत्ता बाहेरचा दिसतो. 'आपल्या बोटी, कुठूनही, वाळूचा नकाशा, किल्ली तपासून' ही ओळ खाली आहे. तिथवर हा पोचतच नाही."

तिने ती ओळ उचलून वर ठेवली. अनोळखींना नकार तसाच राहिला, फक्त एक पायरी खाली.

तरीही नकार!

मी पडद्यावर वाकले. "अगं, बदललंस ना?"

"बदललं..." ती पुटपुटली, मग ताडकन उठली. "सर्व्हरने नियम सकाळी वाचलेत! तेच डोक्यात धरून बसलाय. टिटवी, त्याला पुन्हा वाचायला सांग."

टिटवीने सांगितलं. आता सर्व्हरने बोटीला एक कोडं घातलं. बोटीने किल्ली वापरून उत्तर पाठवलं. किल्ली स्वतः बोटीतच राहिली, म्हणजे वाटेत कुणी कान लावला तरी चोरता येत नाही. उत्तर जुळलं. नकाशा गेला.

मी धक्क्यावर धावले. मोरेश्वरची बोट दांड्याला डावीकडून वळसा घालून आत आली, तळ वाळूपासून जेमतेम सुटा.

"एवढा वेळ काय करत होतात गं सगळे?" त्याने बोटीवरूनच ओरडून विचारलं.

"तुझ्या लेकीला विचार! आणि आधी जेवायला ये," मी म्हटलं.

जेवताना नीरजाने माशाचे काटे काढले. मग म्हणाली, "आजी, पुढे माणसाशिवाय चालणाऱ्या बोटी येतील, लांबच्या देशांतून. वादळात सापडल्या तर त्यांनाही वाट दाखवायला हवी. पण आपल्याकडे त्यांची किल्ली नसणार. त्यांची ओळख कशी पटवायची?"

मला काय कळतंय त्यातलं! मी तिच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. "खा आधी. विचार करायलाही अंगात बळ लागतं."

तिने घास घेतला, आणि ताटाच्या कडेला ओल्या बोटाने नवी ओळ लिहायला लागली.