चोराच्या तोंडून

अड्याळच्या बाजारात तुलारामाचा भोंगा वाजला अन् रुखमाची बकरी दोर तोडून पळाली. तंबू टाकीजची जाहिरात राहिली बाजूले, सायकल टाकून गडी बकरीमागं धावला.

"बोंबलाचं तं जरा दमानं बोंबल ना गा," रुखमा हासत म्हणे.

तवापासून तिच्या आळीत आला की तो भोंगा हळू करे... अन् ती उगाच दारात येऊन बसे.

असा हिवाळा सरत आला. एक दिवस तिनंच त्याले पानठेल्याजवळ गाठलं. "पवनीच्या पाहुण्यायनं मले पसंत केलं. बाबा माह्या 'हो'साठी थांबले आहे. तुले काही म्हणाचं आहे का?"

साऱ्या गावाले ओरडून सांगणारा माणूस — अन् इथं नुसताच हँडल पुसत राहिला.

"सांगतो... उद्या."

दुसऱ्या दिवशी नागपूरवरून सिनेमाच्या रिळांची पेटीच भलती आली. हिंदी मारधाडीच्या जागी फ्रान्सचा कोणता तरी जुना, काळा-पांढरा चोर-पोलिसाचा सिनेमा. स्वस्तातला मामला — एक खोली, एक मोटर, तीन माणसं. बोली कोणालेच समजेना, पण तिकिटं तं फाटली होती. मालक सुखराम म्हणे, "माइक घे तुलाराम. तूच सांग गोष्ट."

तुलाराम सुटला. चोराले त्यानं साकोलीचा केला, फौजदाराले भंडाऱ्याचा. लोक खूश. दोराच्या पल्याड, बायांच्या बाजूले, रुखमा तोंडाले पदर लावून हासून राहिली.

मंग पडद्यावर एक दार आलं. चोर निघाला, बाई दारात उभी... कोणीच बोलेना. नुसतं एकमेकाले पाहाणं. तुलारामानं माइक जवळ घेतला.

"त्या पाहुण्यायले हो म्हणू नको वो... सकाळी मी तुह्या बापाले भेटतो."

रुखमानं तोंडावरचा पदर काढला.

"हा चोर अड्याळचाच दिसते बे," पुढून कोणी म्हणालं. तंबूभर शिट्ट्या. रुखमाचा भाऊ इश्वर मान वळवून पाहाले लागला.

तुलाराम घाबरला. "मजाक केली बाई. चोराचा काय भरोसा?" म्हणे, अन् माइकमंधीच मोठ्यानं हासला. लोकही पोट धरून हासले.

सकाळी तो विहिरीवर गेला. "पहिलं बोललो तेच खरं होतं वो."

"मले माहीत आहे." तिचे डोळे सुजले होते. "गाव हासलं त्याचं काही नाही. तू काहून हासला गा?"

तो परत सायकलचं हँडल पुसाले लागला.

"राती बाबानं इचारलं. मी हो म्हणून बसली."

"आता जाऊ का तुह्या बापाकडं?"

तिनं घागर डोक्यावर घेतली अन् सावकाश चालली... इतकी सावकाश, की त्यानं हळूच जरी हाक मारली असती, तरी तिले ऐकू गेली असती.