बुधवारचे ब्रदर

ज्योतीनं दार उघडलं, तर समोर एक उंच तरुण. काखेत हेल्मेट, हातात मऊ केकचा पुडा.

"आजी आहेत का?"

"कुठल्या आजी?"

"इथं एकट्या राहतात त्या... मी प्रशांत. चर्चमधून आलोय."

ज्योतीच्या कपाळावर आठी पडली. एकट्या राहणाऱ्यांना दर बुधवारी भेटायचं, चार शब्द बोलायचे, प्रार्थना करायची, असं मंडळीनं ठरवलं होतं खरं. पण ते म्हाताऱ्यांसाठी. अप्पा गेल्यापासून कमरीपेठेतल्या दोन खोल्यांत एकटी राहणारी, आलेल्या स्थळांना नाही म्हणणारी ज्योती, या भेटींच्या पाळ्या लावणाऱ्या सलोमीकाकूंच्या लेखी त्यांच्यातच जमा.

"ती आजी मीच," ती म्हणाली. "दात शाबूत आहेत माझे."

त्यानं पुड्याकडे पाहिलं. कान लाल झाले. "मग पुढच्या वेळी चकली आणतो."

"पुढची वेळ नाहीये."

तरी तो आला. येतच राहिला. तारिहाळच्या कारखान्यातून सुटून थेट, बाहीला लोखंडाचा वास घेऊन. कोप्पीकर रोडवरच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवून दमलेल्या ज्योतीला वाटे, घटकाभर पाय पसरू देतील का ही देवाची माणसं? आणि असं वाटत असतानाच हात मात्र दोन कपांचं आधण ठेवून मोकळे होत.

"एकटेपणा वाटतो का, सिस्टर?" तो नेमानं विचारी.

"तुम्ही येऊन गेलात की वाटतो."

"हौद्री? खरंच? मग काय करू – येऊ नको, की जाऊ नको?"

या माणसाला उत्तर देणं म्हणजे डोक्याला ताप. मग प्रार्थना. "हे प्रभू, या एकाकी भगिनीला सोबत दे..." भगिनी! ज्योती दात आवळे. आणि हळूच एक डोळा उघडी. मिटल्या डोळ्यांच्या माणसाकडे बघायला कुणाची आडकाठी?

मग एका बुधवारी घंटा वाजली, तर दारात सलोमीकाकू.

"पाळ्या बदलल्या गं. प्रशांतला केशवापूरच्या आजोबांकडे घातलंय. अगोबाई, माझा कपसुद्धा मांडून ठेवलास?"

काकूंची प्रार्थना लांबलचक. तेवढ्यात ज्योतीनं आपलं गाऱ्हाणं वर पोचवलं. एकटी होते, बरी होते. सोबतीची चटक लावायची आणि मग पाळी बदलायची, ही कुठली रीत, देवा?

"तोही बिचारा एकटाच," जाताना काकू चपला शोधत म्हणाल्या. "कारखान्याजवळच्या चाळीत, शेवटची खोली. पण कमावत्या पोराकडं कोण जातंय भेटीला."

ज्योती दारातच उभी राहिली. इतके बुधवार तो विचारत आला होता. आपण एकदाही उलट विचारलं नाही.

शनिवारी दुपारी तिनं त्याचं दार ठोठावलं. तो ओल्या हातांनी आला, आणि बघतच राहिला.

"भेटीला आलेय," तिनं चकलीचा पुडा पुढे केला. "एकटेच राहता ना?"

"हो."

"एकटेपणा वाटतो का?"

"बुधवारी जास्त."

आतल्या एकुलत्या खुर्चीवर ती बसली. तो पलंगाच्या कडेला. वर पंखा कुरकुरत होता.

"प्रार्थना करा की," ती म्हणाली. "पण भगिनी म्हणालात, तर उठून जाईन."

त्यानं डोळे मिटले. "हे प्रभू, या..." थांबला. घसा खाकरला. "या..."

"ज्योतीला," तिनं सांगितलं.

"या ज्योतीला... आणि मला..."

पुढं काही येईना. ज्योतीनं हळूच एक डोळा उघडला. त्याचे दोन्ही उघडे होते. तिच्याकडेच लागलेले.

"आमेन तरी म्हणा," ती वैतागून म्हणाली.

"म्हटलं, तर तुम्ही जाल."

ज्योतीनं चकलीचा पुडा फोडला आणि पर्स खुर्चीखाली सरकवली.

"नाही जात. चहा ठेवा."