निघण्याबाबत विचार करावा

तक्रार साधीच होती. डोंगरावरच्या वस्तीत शेवटच्या घरासमोर जी इशारापेटी बसवली आहे ती अवेळी बोलते, येऊन पाहून जावे. खाली एका निवृत्त परिचारिकेची सही. अशा तक्रारी नियंत्रण कक्षात आठवड्याला चार-दोन यायच्याच. कुठे पेटीत पाणी शिरलेलं असायचं, कुठे पक्ष्यानं घरटं केलेलं असायचं. वायरमन जायचा, पेटी उघडायचा, फुंकर मारून झाकण लावायचा आणि परत यायचा. या कागदावर मात्र सहीच्या खाली आणखी एक ओळ होती. पेटीत ज्यांचा आवाज आहे, त्या बाईंनी स्वतः यावे.

त्या बाईंना कक्षात सगळे सूचनाबाई म्हणत. वणवा असो, वादळ असो, नाहीतर पूर, लोकांच्या फोनवर जो इशारा जातो त्याचा मजकूर बारा वर्षं त्याच लिहीत आल्या होत्या. पेट्या बसल्या तेव्हा साहेब म्हणाले होते, मजकूर तुमचा आहे तर आवाजही तुमचाच असू द्या. म्हणून नऊ वाक्यं त्यांनी एका बंद खोलीत बसून रेकॉर्ड केली होती. पिवळा इशारा म्हणजे वणवा लांब आहे, पण कान उघडे ठेवा. केशरी म्हणजे निघायची वेळ. आणि लाल म्हणजे वेळ गेली, आता रस्त्यावर येऊ नका, आहात तिथेच आडोसा शोधा. लोक नेमके इथेच चुकतात. लाल झालं की निघू, असं म्हणत बसतात. सूचनाबाई हे शाळांतून, सोसायट्यांतून फिरून समजावून सांगत. त्या वस्तीत मात्र वर्षभरात एकदाही गेल्या नव्हत्या. काहीतरी निमित्त काढून टाळत आल्या होत्या.

या वेळी टाळता आलं नाही. दुपारी दोनच्या सुमाराला वायरमनच्या गाडीत बसून त्या निघाल्या.

"तुमच्या आवाजाला कंटाळा येत असेल हो पेटीत एकटं बसून," वायरमन म्हणाला. "म्हणून बडबडत असेल."

त्या हसल्या, पण हसू ओठांवरच राहिलं. वळणावळणाचा रस्ता चढत होता. दोन्ही बाजूंना काळे पडलेले बुंधे उभे होते आणि त्यांच्या बुडाशी हिरवी पालवी फुटली होती. वारा गरम होता. काच बंद असूनही गाडीत जळक्या लाकडाचा वास येत होता.

"कुठे लागलीय का आग?" त्यांनी विचारलं.

"सकाळपासून नोंद नाही." वायरमननं एकदा आरशात पाहिलं. "मला तर वास नाही येत, बाई."

वस्तीत शिरल्यावर त्यांना जे जाणवलं ते नीट सांगता येणार नाही. दारात बसलेली माणसं त्यांना पाहून उठली नाहीत, की आत गेली नाहीत. फक्त बोलता बोलता थांबली. एका ओट्यावर दोन बाप्ये बादली कुणी भरायची यावरून थट्टेनं भांडत होते. एक म्हणाला, "संदेशात लिहिलंय तसं करा," आणि दुसरा खो खो हसला. मग दोघांचंही लक्ष सूचनाबाईंकडे गेलं आणि हसणं थांबलं.

 ते वाक्य सूचनाबाईंच्या ओळखीचं होतं. पण ते या माणसांना कुठून ठाऊक असणार?

तक्रार करणारी बाई फाटकातच उभी होती. साठी उलटलेली, ताठ कण्याची. सगळी वस्ती तिला सिस्टर म्हणे. तिच्या घराच्या पुढे रस्ता संपत होता. तिथे एक चौथरा उरला होता, त्यावर शिलाई मशीनचं गंजलेलं लोखंडी पायदान आणि समोर खांबावर पेटी. तो चौथरा टेलरमास्तरांच्या घराचा. गेल्या वर्षीच्या वणव्यात मास्तर आणि त्यांची बायको त्याच घरात जळून गेली.

"आलात, बरं झालं," सिस्टर म्हणाली. "बसा. अजून अवकाश आहे."

"कशाला अवकाश?"

"चारला दहा कमी असताना बोलते ती. रोज."

वायरमननं शिडी लावली, पेटी उघडली, तारा तपासल्या, वरचं सौरपॅनेल पुसलं. "सगळं ठाकठीक आहे," तो वरूनच म्हणाला. "नऊच्या नऊ वाक्यं जागेवर. दहावं ठेवायला यात जागाच नाही." मग तो खाली उतरला आणि तिघं ओट्यावर बसून राहिली.  वारा पडला. पानांचा आवाजही थांबला आणि ऊन पिवळट दिसायला लागलं, घाणेरड्या काचेतून आल्यासारखं.

पेटीत खरखर झाली.

"नमस्कार, नियंत्रण कक्ष," सूचनाबाईंचा आवाज म्हणाला. रेकॉर्डिंगच्या वेळचा घोटून बसवलेला आवाज नव्हता हा. टेबलापाशी बसलेल्या, कंटाळलेल्या बाईचा होता.

मग शांतता. पण नुसती शांतता नव्हती ती. पलीकडे कुणी बोलत असावं आणि आपण ऐकत असावं, तेवढीच लांब.

"हो, बरोबर आहे... केशरी इशारा आहे तो."

पुन्हा तेवढंच थांबणं. सूचनाबाईंना त्या रिकाम्या जागेतला शब्द न् शब्द पाठ होता. बाई, मी शेवटच्या घरातला टेलर बोलतोय. संदेशात लिहिलंय, परिस्थिती पाहून निघण्याबाबत विचार करावा. मला यातलं कळत नाही हो. विचार करू, का निघू?

"परिस्थिती पाहून ठरवायचं असतं ते, आजोबा."

ही अंथरुणावर आहे बाई, हिला उचलून गाडीत घालायचं म्हणजे अर्धा तास मोडतो. उगीच हलवलं तर हाल होतील. तुम्ही सांगाल तसं करतो. निघू का?

गेल्या वर्षी त्या क्षणी शेजारच्या टेबलावरचा माणूस ओरडून सांगत होता की वणव्यानं डोंगराची धार ओलांडली. सूचनाबाईंनी ते ऐकलं होतं. स्वच्छ ऐकलं होतं. पण स्पष्ट 'निघा' म्हणायला साहेबांची सही व्हायची होती. त्या मोसमात दोनदा लोकांना घराबाहेर काढलं, दोन्हीदा वणवा आलाच नाही, आणि लोकांनी फोन करकरून शिव्या घातल्या होत्या. म्हणून तर त्यांनी 'आता निघा' हे शब्द खोडून 'निघण्याबाबत विचार करावा' असं लिहिलं होतं. कुणी आपल्याला दोष देऊ नये म्हणून.

"संदेशात लिहिलंय तसं करा," पेटी म्हणाली.

बरं बाई, आभारी आहे, असं म्हणून मास्तरांनी फोन ठेवला होता. त्यानंतर बाराव्या मिनिटाला लाल इशारा गेला. बाहेर पडू नका.

वायरमन सूचनाबाईंकडे बघत नव्हता. स्वतःच्या बुटांकडे बघत होता. पेटी बंद होईल असं वाटलं, पण खरखर चालूच राहिली, आणि मग तोच आवाज, जरा लांबून, दुसऱ्या कुणाशी तरी बोलला.

"असले फोन घेत बसलं ना, तर झालंच. चहा आला का हो?"

टक् असा आवाज झाला आणि पेटी गप्प झाली.

सूचनाबाईंचे कान तापले. अंगावरची साडी, हातातलं घड्याळ, सगळं परकं वाटायला लागलं. ते चहाचं वाक्य तर फोन ठेवून झाल्यावर बोलल्या होत्या त्या. रिसीव्हर जागेवर होता. ते कुठल्याही तारेतून गेलेलं नव्हतं. गेल्या वर्षीच्या चौकशीत विचारलं होतं, त्या घरातून कुणी फोन केला होता का? त्यांनी सांगितलं होतं, एक फोन आला होता, योग्य मार्गदर्शन केलं. नोंदवहीतही तेवढंच होतं.

"किती दिवस..." त्यांनी विचारलं.

"पेटी बसवली त्या आठवड्यापासून," सिस्टर म्हणाली. "आठ महिने होतील."

"सगळी वस्ती ऐकते?"

"कान थोडेच बंद करता येतात?"

"मग कागदावर नुसतं, अवेळी बोलते..."

"आणखी काय लिहिणार होते मी?" सिस्टरचा आवाज चढला नाही. "मास्तर त्या दिवशी माझ्याकडे आले होते. मी म्हटलं, गाडी काढू या. तर म्हणाले, मी कक्षात विचारलंय, त्या बाईंनी घाई करू नका असं सांगितलं. मी एकटी निघाले. एवढंच. मलाही रोज ऐकावं लागतं ते."

सूचनाबाईंना वाटलं होतं, ती ओरडेल, वस्ती गोळा होईल. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. सिस्टरनं फक्त पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, आणि तो घेताना त्यांना मान वर करता येईना.

तेवढ्यात वस्तीभर फोन वाजले. एकदम, घराघरातून. सूचनाबाईंच्या पर्समध्येही वाजला. केशरी इशारा. पलीकडच्या दरीत वणवा पेटला होता. खाली तेच वाक्य, त्यांनीच लिहिलेलं, कुणी बदललं नव्हतं. परिस्थिती पाहून निघण्याबाबत विचार करावा.

धारेच्या वर तपकिरी धूर उभा राहिला होता. बघता बघता दुपारची संध्याकाळ झाली. माणसं फोन हातात धरून रस्त्यावर आली आणि बोलावल्यासारखी सिस्टरच्या फाटकापाशी थांबली.  नुसती बघत राहिली सूचनाबाईंकडे.

सूचनाबाईंनी कक्षात फोन लावला. पलीकडून साहेब म्हणाले, अजून पक्कं नाही, मोघमच सांगा.

त्यांनी फोन बंद केला. "निघा," त्या म्हणाल्या.

कुणी हललं नाही.

"मी सांगतेय, निघा. विचार करू नका. म्हाताऱ्यांना आधी बसवा." मग त्या पुढे म्हणाल्या, "पेटीत ऐकता ते खरं आहे. मीच बोलले ते. वणवा जवळ आलाय हे मला ठाऊक होतं आणि तरी बोलले. आज माझं ऐका, मग मला काय म्हणायचं ते म्हणा."

क्षणभर असं वाटलं की त्या माणसांच्या मागे, चौथऱ्याच्या बाजूला, आणखी कुणीतरी ऐकत उभं आहे. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही. मग सिस्टर आत गेली आणि गाडीची किल्ली घेऊन आली, आणि तिच्यामागोमाग वस्ती हलली. वीस मिनिटांत रस्ता रिकामा झाला. सूचनाबाई वायरमनच्या गाडीत शेवटच्या निघाल्या.

वणवा आला नाही. धारेपाशी वारा फिरला आणि आग दरीतच विझली. लोक रात्री मैदानातल्या तंबूत झोपले, सकाळी कुरकुरत घरी गेले. सूचनाबाईंचे आभार कुणी मानले नाहीत, आणि त्यांनाही ते नको होते.

परवानगीशिवाय वस्ती हलवली म्हणून त्यांच्यावर चौकशी बसली. तिथे त्यांनी गेल्या वर्षीचा फोनही सांगितला, चहापर्यंत सगळा. सांगताना समोरच्या तिघांपैकी एकानं पेन खाली ठेवलं. सूचनाबाईंना रस्ते बंद-चालूची माहिती देणाऱ्या टेबलावर बसवण्यात आलं. इशाऱ्याचा मजकूर बदलला. आता केशरी इशाऱ्यात एकच गोष्ट लिहिलेली असते, आता निघा. आणि सगळ्या पेट्यांमधून त्यांचा आवाज पुसून कक्षातल्या नव्या मुलीचा भरला. मुलगी चुणचुणीत, तीन महिन्यांपूर्वी लागलेली. पेटी त्यानंतर गप्प झाली, असं सिस्टरनं कळवलं. सूचनाबाईंना कितीतरी महिन्यांनी झोप लागली.

थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी वायरमनचा फोन आला. तो वस्तीतच होता, त्याच खांबाखाली.

"बाई, तुमच्या जागेवर जी मुलगी आहे ना, तिला एक विचाराल?" तो हळू बोलत होता. "तिला कधी असा फोन आला होता का... घरात सात जण आहेत, दोन लहान, आणि गाडी एकच?"

"का?"

"पेटी आजपासून परत बोलायला लागलीय. तिच्या आवाजात. ती म्हणते, सात जण का? बरं. मग थांबते. मग म्हणते... मी वर विचारून सांगते, तोवर थांबा."

सूचनाबाई उठल्या. खोलीच्या दुसऱ्या टोकाला मुलगी खिडकीशी बसून नखं बघत होती. बाहेर स्वच्छ, कोवळं ऊन पडलं होतं, आभाळात कुठे डाग नव्हता. त्यांनी जवळ जाऊन तिला विचारलं.

मुलीनं नीट आठवून पाहिलं.

"सात जण?" ती म्हणाली. "नाही हो बाई. असा फोन मला अजून तरी आलेला नाही."