बंद वॉर्डातली बेल

दिवे गेले तशी पोरं गच्चीवर बालाजीरावांभोवती सरकली. आरोग्य खात्यातून रिटायर झालेला माणूस, आवाज मुळातच खालचा. "आपल्या हेमलताची गोष्ट आहे," ते म्हणाले. "माझ्या हाताखाली नोकरीला लागली. खोटं बोलणारी बाई नव्हे."

गेल्या वर्षीची आडी अमावास्या, तमिळ आडी महिन्यातली, पितरांची. हेमलता चेन्नईत अंबत्तूरच्या एका खासगी नर्सिंग होमच्या तपासणीला निघाली. लायसन्सचं नूतनीकरण होतं, आणि रात्री हाक मारली तरी कुणी येत नाही अशी तक्रार होती. म्हणून न कळवता, अंधार पडल्यावर जायचं ठरलं. नवरा जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. ती रडली नव्हती. जेवायची, कामाला जायची, सांगाल ते करायची. आत काही हलत नव्हतं.

मॅनेजर वेंकट लगबगीने पुढे आला. तिने ऑक्सिजन पाहिला, औषधांचा फ्रिज पाहिला, खाटेजवळच्या बेली स्वतः दाबल्या. दर वेळी नर्स धावत आली. सगळं ठीक होतं.

"आणि वर?"

"वरचा वॉर्ड बंद आहे, मॅडम. वायरीसुद्धा काढल्यात."

"बघून येते."

वर नुसत्या लोखंडी खाटा. मोबाइलच्या उजेडात ती शेवटच्या खाटेवर टेकली आणि सवयीने बेल दाबली. आवाज आला नाही. ती बसूनच राहिली. उठावंसं वाटेना...

बाहेर चाकं करकरली.

सलाइनचा स्टँड ओढत कुणीतरी येत होतं. हळू. थांबत थांबत. दारात एक म्हातारी. पेशंटचा हिरवा झगा. अनवाणी.

"काय होतंय गं?" घरची मराठी. तंजावरची.

"तुम्ही... नर्स आहात?"

"नाही गं. मी बेल दाबली तेव्हा कुणी आलं नाही. म्हणून आता कुणी दाबली की मी येते."

ती शेजारी बसली. खाट वाजली नाही. तिने हेमलताचा हात मांडीवर घेतला. गार बोटं. हेमलताला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. किती वेळ... कोण जाणे.

"मॅडम?" जिन्यात वेंकट.

शेजारी कुणी नव्हतं.

"या खाटेवर शेवटी कोण होतं?"

वेंकट खाटेकडे बघेना. म्हणाला, "गोदाबाई म्हणून एक... तेव्हा बेल चालू होती, मॅडम."

लायसन्स थांबलं. चौकशी लागली.

"अप्पुरम? मग?" धाकट्या हरिणीने विचारलं.

खालून एक मोटरसायकल गेली. बालाजीराव पुढे झुकले.

"घरी आली. हातपाय धुवायला बाही वर सारली..." त्यांनी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. "इथे कापसाचा बोळा. वर चिकटपट्टी. काढून पाहिलं, तर सुईची खूण. रक्त अजून ओलं.

सुई टोचलेली तिला कळलीच नव्हती."