शहात्तर दिवसांची रिकामी टाकी

माझा एक साधा नेम आहे. सकाळी कुठल्यातरी जिवाच्या तोंडी घास गेल्याशिवाय मी पाण्याचा घोटही घेत नाही. बावीस वर्षांत तो मोडला नाही. घरात खाऱ्या पाण्याची टाकी आल्यावर तर तो सोपाच झाला. चिमूटभर खाणं टाकलं की सातही मासे वर येत.

टाकीची हौस यांची. अर्धांगाच्या झटक्यानंतर यांची वाचा गेली, हातपाय गेले; उरली ती नजर. पलंग टाकीसमोर सरकवला, तेव्हा ती पिवळ्या माशामागे फिरू लागली. नजर फिरत असली की हे चार चमचे गिळायचे, नाहीतर ओठ घट्ट. हो असलं तर एकदा पापणी मिटायची, नाही असलं तर दोनदा. एवढाच आमचा संसार.

मग माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले, मिठाचे कण चिकटावेत तसे. मासे दगडांवर अंग घासू लागले.

माशांचा दुकानदार येऊन बघून गेला. ठिपके म्हणजे अंगावर जगणारे किडे. ते गळून वाळूत पडतात, तिथे वाढतात आणि पुन्हा अंग शोधत वर येतात, असं त्याने समजावलं. मासे टबात, तांब्याच्या औषधात ठेवायचे आणि टाकी, पाणी तसंच ठेवून, शहात्तर दिवस माशांवाचून रिकामी सोडायची.

"अंग मिळालं नाही की रोग उपाशी मरतो, ताई. आपण फक्त त्याला वाढायचं नाही. तुमचा हात सढळ, म्हणून आधीच सांगतो."

न्हाणीघराच्या दारात, यांना पलंगावरून दिसेल असा काचेसारखा टब मांडला. नणंद भावाला बघायला आली होती. म्हणाली, वहिनी, एक आजारी कमी होता म्हणून आणखी सात घेतलेत का? मी हसले. अकरा दिवसांत सातही गेले. पिवळा सगळ्यात शेवटी.

हे रिकाम्या काचेकडे बघत पडून राहिले. दोन दिवस एक चमचा आत गेला नाही. डॉक्टर नाकातून भरवायच्या नळीचं बोलले, आणि नळीचाही फार भरवसा धरू नका म्हणाले.

तिसऱ्या सकाळी नेमाची वेळ झाली. खिडकीवर पाखरं होती, आधीचे दोन दिवस घास त्यांनाच टाकला होता. पण हात सवयीने टाकीकडे गेला. चिमूट पाण्यात सुटली, अर्ध्यावर आली आणि दिसेनाशी झाली.

पंपाने ओढली असेल, असं मी धरलं. दुसऱ्या दिवशी पंप बंद करून टाकली. पुन्हा अर्ध्यावरच.

मागे वळून बघितलं, तर यांची नजर सावकाश डावीकडून उजवीकडे चालली होती. त्या दिवशी हे सहा चमचे जेवले.

मग मी रोज वाढत गेले. दुकानदाराला सांगितलं नाही.

शहात्तराव्या दिवशी तो नवा मासा घेऊन आला. पाणी तपासलं, सगळं ठीक निघालं. मासा सोडला, पण तो खाली जाईना; वरच्या कोपऱ्यात काचेला चिकटून राहिला. आम्ही चहा घेऊन परत आलो, तर टाकीत मासा नव्हता. दगडाखाली नाही, पंपात नाही, फरशीवर नाही.

दुकानदार बराच वेळ वाळूकडे बघत होता. "ताई, आत काही टाकत होता का?"

मी खाण्याचा डबा पदराआड केला.

सगळं उपसून टाकी उन्हात वाळवू, असं म्हणत त्याने नळी लावली. पाणी वीतभर उतरलं आणि यांचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. मी नळी उपटली, बादलीतलं पाणी परत ओतलं. श्वास सुरू झाला.

दुकानदार सामान उचलून गेला. पैशांचं विचारलं, तर मानेनेच नाही म्हणाला.

आता चिमूट पुरत नाही. मुठीने टाकलं तरी यांची नजर जागची हलत नाही. काल दिवसभर ओठ उघडले नाहीत.

आज सकाळी मी पलंगाशी बसून विचारलं, "पोट भरत नाही का त्याचं?"

पापणी एकदा मिटली.

"हे खाणं नको?"

एकदा.

पुढचं मी विचारलं नाही. बांगड्या काढून ठेवल्या आणि हात कोपरापर्यंत पाण्यात सोडला. हीटर कधीचाच बंद आहे. पाणी थंडगार होतं.

फक्त बोटांभोवती कोमट होतं.

यांनी आपणहून तोंड उघडलं.